कोराडीतील दाबायची बाटली : चामडे, काच आणि पॉलिथीन

नागपूरच्या उत्तरेला, सावनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या कोराडीचा इतिहास सहसा तलावाकाठच्या जगदंबेच्या मंदिरापासून सुरू होतो आणि १९७४ साली पहिला संच सुरू झालेल्या औष्णिक वीज केंद्रापाशी येऊन थांबतो. या दोहोंच्या मधल्या जगात, म्हणजे केंद्राच्या रसायन प्रयोगशाळेत, वीज मंडळाच्या वसाहतीतील स्वयंपाकघरांत, शिंप्याच्या यंत्राशेजारी आणि यात्रेकरूंसाठी मांडलेल्या टपऱ्यांवर, गेल्या अर्धशतकात एक वस्तू इतकी रुळली की तिची वेगळी नोंद ठेवावी असे कुणाला वाटले नाही. ही वस्तू म्हणजे मऊ भिंतीची, मुठीत दाबली की टोकातून द्रव सोडणारी आणि मूठ सैल केली की पुन्हा फुगणारी प्लास्टिकची बाटली. तिचा इतिहास लिहिताना द्रवापेक्षा हवेकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण अरुंद तोंडाच्या कोणत्याही भांड्यातून द्रव बाहेर यायचा असेल तर त्याची जागा घ्यायला हवा आत जावी लागते. ती कोठून, कधी आणि किती जाईल हा प्रश्न प्रत्येक काळातील कारागिरांनी आपापल्या परीने सोडवला आहे, आणि कोराडीत त्या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच गावात नांदताना दिसतात.

प्लास्टिकपूर्व काळात या भागातील मुख्य घरगुती द्रव म्हणजे तेल. विदर्भात तीळ आणि जवस या दोन्ही तेलबिया घाण्यावर गाळल्या जात. जवसाचे तेल अन्यत्र रंगकामाचे मानले गेले तरी इथल्या स्वयंपाकात त्याला मानाचे स्थान होते. तेली समाजाच्या घाण्यावरून निघालेले तेल साठवायला आणि वाहून न्यायला चामड्याचा बुधला वापरत. बुधला म्हणजे कच्च्या कातड्याचा, फुगीर पोटाचा आणि आखूड मानेचा मोठा कुंभ. त्याची लहान आवृत्ती ती बुधली. तो घडवण्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे : मातीचा पोकळ साचा करून त्यावर ओले कातडे ताणून बसवायचे, ते वाळून कडक झाले की आतली माती फोडून मानेतून काढून टाकायची. साचा आत आणि पदार्थ बाहेर असा हा क्रम पुढे प्लास्टिकच्या बाटलीत नेमका उलटा झाला. वाळलेले कातडे कडक असल्याने बुधला दाबता येत नसे. तो कलंडवावा लागे आणि तेलाची धार गचके देत पडे, कारण एकाच मानेतून तेल बाहेर आणि हवा आत असा दुहेरी प्रवास चाले. म्हणून दुकानदाराकडे नरसाळे, पळी आणि मापे असत, आणि मापावर हुकमत विकणाऱ्याची असे, घेणाऱ्याची नव्हे.

विसाव्या शतकात रॉकेलच्या पत्र्याच्या डब्याने बुधल्याला हळूहळू हटवले. रिकामा डबा तेल, धान्य, पाणी, काहीही ठेवायला चाले, आणि त्याच्या झाकणाला समोरासमोर दोन भोके पाडली की एकातून तेल आणि दुसऱ्यातून हवा अशी वाटणी होऊन धार शांत पडे. ही युक्ती कोणा एकाची नाही, पण दाबायच्या बाटलीच्या पूर्वजांत तिला जागा द्यायला हवी. त्याहून जवळचा पूर्वज म्हणजे शिवणयंत्राला आणि सायकलीला तेल देण्याची पत्र्याची कुपी. तिला लांब निमुळती चोच आणि पातळ पत्र्याचा किंचित फुगीर तळ असे. अंगठ्याने तळ दाबला की तो टिक असा आवाज करून आत जाई आणि चोचीतून थेंब पडे, अंगठा काढला की तळ परत उसळून त्याच चोचीतून हवा ओढून घेई. संपूर्ण भिंतीने जे काम पुढे केले ते इथे फक्त तळ करीत होता. कोराडी, महादुला, कामठी या पट्ट्यातील शिंप्यांना नवी प्लास्टिकची बाटली हाती आली तेव्हा ती वापरायला शिकावी लागली नाही, याचे श्रेय या कुपीला जाते.

काचेच्या बाजूने आलेला प्रवाह वेगळा होता आणि तो नागपूरच्या महाविद्यालयांतून आला. १९०६ साली व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणून सुरू झालेली आजची शासकीय विज्ञान संस्था, १९४२ साली राव बहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली, तेल-तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग असलेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, आणि १९५८ साली स्थापन होऊन १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था यांमुळे शहरात रासायनिक विश्लेषणाची परंपरा रुजली. त्या काळच्या रसायन प्रयोगशाळांतील धुण्याची बाटली म्हणजे काचेचा चंबू आणि त्याच्या बुचातून गेलेल्या दोन वाकड्या नळ्या. आखूड नळी तोंडात धरून फुंकायची, म्हणजे आतील दाब वाढून लांब नळीच्या टोकातून शुद्ध पाण्याची बारीक धार निघे, आणि तिने गाळणकागदावरील अवक्षेप, म्हणजे द्रावणातून खाली बसलेला घन पदार्थ, धुऊन घेता येई. विद्यार्थ्याच्या छातीतील हवाच इथे पंपाचे काम करी. त्यात दोन दोष होते. बाटलीत अमोनियासारखे द्रावण असेल तर फुंकर थांबताच वाफ उलट तोंडात येई. दुसरे म्हणजे श्वासातील कार्बन डायऑक्साइड शुद्ध पाण्यात विरघळून ते किंचित आम्लधर्मी करी. साध्या प्रयोगांत हा दुसरा दोष कुणाच्या ध्यानात येण्याइतका मोठा नव्हता, मात्र वीज केंद्राच्या पाण्याच्या बाबतीत तो मोठा ठरणार होता.

ज्या पदार्थाने फुंकर निरुपयोगी केली तो इंग्लंडमध्ये अपघाताने हाती आला. २७ मार्च १९३३ रोजी विनिंग्टन येथे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे एथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत असताना पात्राच्या तळाशी पांढरा, मेणासारखा पदार्थ जमलेला आढळला. प्रयोग पुन्हा हमखास जमेना. १९३५ साली मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांना तो जमला, कारण उपकरणाला गळती होती आणि ताजा वायू भरताना त्याबरोबर ऑक्सिजनचा अंश आत शिरला होता, आणि तोच रेणूंची साखळी सुरू करण्यास कारणीभूत ठरला. पॉलिथीनचा जन्मही असा आत शिरलेल्या हवेचा ऋणी आहे. युद्धकाळात ते रडारच्या तारांवर आवरण म्हणून वापरले गेले आणि युद्ध संपल्यावर कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे झाले. ते १९४७ च्या सुमारास अमेरिकेत मिळाले : ज्यूल्स माँटेनिए या रसायनज्ञाचे ‘स्टॉपेट’ हे घामाच्या वासावरील औषध प्लॅक्स कंपनीने केलेल्या पॉलिथीनच्या बाटलीतून दाबून फवारता येऊ लागले, आणि दाबायची बाटली प्रथमच मोठ्या प्रमाणावर घरोघरी पोहोचली. चटणी-सॉसच्या मोठ्या उत्पादकांनी मात्र त्यानंतर बराच वेळ घेतला. हाइन्झच्या टोमॅटो केचपची दाबायची बाटली १९८३ साली आली.

या बाटलीची घडण सांगितल्याशिवाय तिचे वागणे कळत नाही. वितळलेल्या प्लास्टिकची पोकळ नळी यंत्रातून खाली सोडतात, दोन अर्ध्या साच्यांत ती चिमटीत पकडतात आणि आत हवा फुंकतात. नळी फुगून साच्याच्या भिंतीला चिकटते आणि थंड होऊन बाटली होते. बुधल्यात साचा आत होता, इथे साचा बाहेर आहे आणि आतला साचा म्हणजे निव्वळ हवा. जुन्या, जास्त दाबाखाली केलेल्या पॉलिथीनच्या रेणूंना पुष्कळ फांद्या फुटलेल्या असतात, त्यामुळे ते एकमेकांशी घट्ट बसत नाहीत आणि भिंत मऊ राहते. यालाच कमी घनतेचे पॉलिथीन म्हणतात. १९५० च्या दशकात जर्मनीत कार्ल झीगलर यांनी आणि अमेरिकेत फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी कमी दाबाची पद्धत शोधली, तिने मिळणारे सरळ साखळ्यांचे पॉलिथीन अधिक घन आणि ताठ असते. दाबली की मूठभर आत जाणारी प्रयोगशाळेची बाटली पहिल्या जातीची, आणि थोडी दबून लगेच परत येणारी केसांच्या तेलाची बाटली दुसऱ्या जातीची, असा ढोबळ भेद व्यवहारात करता येतो.

भारतात पॉलिथीन तयार होऊ लागले ते १९५९ साली, पश्चिम बंगालमधील रिश्रा येथे, अल्कली अँड केमिकल कॉर्पोरेशनच्या कारखान्यात. तिथे लागणारे एथिलीन उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलातून मिळवीत असत. साठच्या दशकात मुंबईच्या ट्रॉम्बे भागात युनियन कार्बाइडचा कारखाना आला, आणि त्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल आणि तिच्याकडून एथिलीन घेणारी पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज उभी राहिली. कोराडीच्या केंद्राचे काम सुरू होईपर्यंत बाटलीचा कच्चा माल अशा रीतीने महाराष्ट्रातच तयार होऊ लागला होता.

२० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने कोराडीत १९७४ ते १९८३ या काळात सात संच उभे केले. पहिले चार सुमारे १२० मेगावॉटचे, पुढचे तीन २०० ते २१० मेगावॉटचे. कोळसा आणि राख यांमुळे असे केंद्र म्हणजे आगीचा कारखाना वाटतो, परंतु रसायन विभागाच्या दृष्टीने तो पाण्याचा कारखाना असतो. बाष्पकात, म्हणजे बॉयलरमध्ये, जाणारे पाणी आयन-विनिमय रेझिनच्या थरांतून नेऊन क्षारमुक्त करतात, कारण त्यातील वाळूचा अंश म्हणजे सिलिका उच्च दाबाच्या वाफेत चक्क विरघळून पुढे जाते आणि टर्बाइनमध्ये दाब उतरताच पात्यांवर काचेसारखा कठीण थर होऊन बसते. तो थर पाण्याने सहज सुटत नाही, पात्यांचा आकार बिघडवतो आणि संचाची क्षमता खातो. म्हणून वाफेतील सिलिका दर अब्ज भागांमागे २० भागांच्या आत ठेवण्याचा दंडक औष्णिक केंद्रांत पाळला जातो.

इतके सूक्ष्म प्रमाण मोजताना नमुना कशात गोळा करायचा हाच पहिला प्रश्न येतो. काच ही मुळात सिलिकाचीच बनलेली आहे आणि अल्कधर्मी पाणी तिला हळूहळू विरघळवते. बाष्पकाचे पाणी तर लोखंड गंजू नये म्हणून अमोनिया घालून मुद्दामच अल्कधर्मी ठेवलेले असते. स्वच्छ काचेच्या बाटलीत काही तास ठेवलेला नमुना तपासला तर यंत्रातील दोष न दिसता बाटलीतील दोष दिसेल. म्हणून अशा तपासण्यांत नमुना पॉलिथीनच्या बाटलीत घेण्याचा नियम रूढ झाला. नमुन्यात अमोनियम मॉलिब्डेट मिसळले की सिलिकाशी संयोग होऊन पिवळे संयुग होते, क्षपणकारक द्रव्य घातले की ते निळे होते, आणि निळाई जितकी गडद तितकी सिलिका अधिक, असे हे मापन आहे. त्यासाठी लागणारी द्रावणेही प्लास्टिकमध्येच ठेवतात. काचेला खाणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल पूर्वी शिशाच्या किंवा आतून मेण दिलेल्या भांड्यांत ठेवावे लागे, ती अडचणही याच पदार्थाने मिटवली. भिंत दबते की नाही याला इथे दुय्यम महत्त्व होते. भिंतीने पाण्याला काही देऊ नये, एवढीच अपेक्षा होती.

दबणारी भिंत उपयोगी पडली ती धुण्याच्या बाटलीत. वाकडी नळी बसवलेल्या पॉलिथीनच्या बाटलीने फुंकण्याचा प्रकार संपवला, हात एकच लागू लागला आणि तोंडात वाफ येण्याचे भयही गेले. तरीही हवेचा प्रश्न पूर्णपणे सुटला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मूठ सैल होताच खोलीतील हवा त्याच नळीतून आत ओढली जाते, शिवाय पॉलिथीनच्या भिंतीतूनही कार्बन डायऑक्साइड अगदी सावकाश झिरपतो. अतिशुद्ध पाण्याची विद्युतवाहकता त्यामुळे कित्येक पटींनी वाढते. याच कारणाने वाहकता आणि आम्लता यांची खरी मोजणी बाटलीत न करता वाहत्या नमुन्याच्या नळीवरच करावी लागते. ॲसिटोनसारखा चटकन उडणारा द्रव या बाटलीत भरला तर त्याच्या वाफेच्या दाबाने टोकातून थेंब आपोआप टपकत राहतात, हा अनुभवही प्रयोगशाळांत नवा नाही.

गावात आणि वसाहतीत हीच वस्तू आली ती उलट कारणासाठी. तिथे पाण्यातील अब्जांश मोजायचे नव्हते. हवे तितकेच, हवे तिथे आणि एका हाताने द्रव पडावा एवढेच हवे होते. खोबरेल तेलाचा प्रवास त्या दृष्टीने बोधप्रद आहे. बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजच्या ‘पॅराशूट’ तेलाने १९८० च्या दशकात पत्र्याचा डबा सोडून प्लास्टिकची बाटली घेतली तेव्हा व्यापारी बिचकले, कारण आधी कुणीतरी आणलेल्या चौकोनी प्लास्टिकच्या बाटल्यांचे कोपरे उंदरांनी कुरतडले होते. उंदराच्या दातांना पकड मिळू नये म्हणून बाटली गोल केली गेली आणि तिची उंदरांसमोर परीक्षाही घेतली गेली. नागपूरच्या हवामानाने मात्र या बाटलीची वेगळी परीक्षा घेतली. खोबरेल तेल २४-२५ अंशांखाली गोठते आणि इथल्या पौष-माघातील रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो. गोठलेले तेल बाटली कितीही दाबली तरी बाहेर येत नाही, म्हणून हिवाळ्यात ती सकाळच्या उन्हात किंवा गरम पाण्याच्या तांब्यात ठेवण्याचा रिवाज घरोघर पडला आणि रुंद तोंडाच्या बरणीची मागणी टिकून राहिली. उन्हाळ्यात याच्या उलट. सकाळी ३० अंशांवर बंद केलेल्या, अर्ध्या लिटरच्या अर्धवट भरलेल्या बाटलीतील हवा दुपारी ४५ अंशांवर सुमारे ५ टक्क्यांनी प्रसरते, म्हणजे बाटली आडवी पडली असेल आणि टोक उघडे असेल तर दहा-बारा मिलिलिटर तेल कोणी हात न लावता फळीवर येते. वऱ्हाड-नागपूरकडील गृहिणी तेलाच्या बाटलीखाली बशी ठेवतात ती उगीच नव्हे.

स्वयंपाकाच्या तेलाला सुट्या विक्रीतून बाहेर काढण्याचे काम कायद्याने केले. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या, म्हणजे अर्जिमोनच्या, तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने जलोदराची साथ आली आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल वेष्टनात विकण्याचा आदेश काढला. सुटे तेल त्यामुळे एकदम नाहीसे झाले नाही, पण पाकिटे आणि पाच लिटरचे कॅन रूढ झाले आणि मोठ्या भांड्यातून लहानात ओतून ठेवण्याची गरज निर्माण झाली. थालीपिठाच्या किंवा धिरड्याच्या कडेने तेल सोडायला वाटी-चमच्याऐवजी दाबायची बाटली येऊ लागली. समईतील तेल वात न हलवता वाढवायलाही ती सोयीची पडते. टोपणाच्या टोकाला तापवलेल्या सुईने पाडलेले भोक किती मोठे, यावर घरचे तेल किती लागेल हे ठरू लागले. पूर्वी तेल्याच्या मापाकडे असलेली हुकमत आता घरातील माणसाच्या मुठीत आली होती.

टपऱ्यांवर लाल आणि हिरव्या बाटल्यांची जोडी आली ती समोसा, पॅटिस आणि नंतरच्या चायनीज गाड्यांबरोबर. सॉस आणि पातळ चटणी यांत ती चांगली चालते. नागपुरी तर्री-पोह्यांच्या तर्रीने मात्र या बाटलीला दाद दिली नाही, आणि ते योग्यच झाले. हरभऱ्याचे दाणे आणि मसाल्याचा रवाळ गाळ टोकात अडकतो हे एक कारण, आणि गिऱ्हाइकासमोर पळी भरून ओतण्यातील मोकळेपणा बाटलीच्या काटकसरी धारेत उरत नाही हे दुसरे. शिंप्याचे तेल, शाळेतील डिंक, डोळ्यांत टाकायचे औषध, रांगोळीचे रंग, पुरानंतर पिण्याच्या पाण्यात घालायचे क्लोरीनचे थेंब असे तिचे उरलेले उपयोग सर्वत्र सारखेच आहेत आणि त्यांत कोराडीचे वेगळेपण शोधण्यात अर्थ नाही. भांडी घासण्याच्या साबणाची बाटली खांद्यापाशी तडकते ती निकृष्ट असते म्हणून, असा समज मात्र तपासून घ्यायला हवा : साबणी द्रव ताणाखाली असलेल्या पॉलिथीनमध्ये चिरा पाडतो, आणि वारंवार दाबली जाणारी भिंत सतत ताणाखालीच असते.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तिचा रोख पिशव्या आणि एकदाच वापरायच्या वस्तूंकडे होता. पुन्हा भरता येणारी दाबायची बाटली तिच्या कक्षेत आली नाही, आणि कोराडीत ती भंगारवाल्याकडे जाण्याआधी दोन-तीन जन्म घेते.

केंद्राकडे मात्र चित्र बदलले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन केंद्र महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीकडे आले, बहुतेक जुने संच टप्प्याटप्प्याने निवृत्त झाले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॉटचे तीन अतिक्रांतिक संच सुरू झाले. अतिक्रांतिक म्हणजे ज्या दाबावर पाणी आणि वाफ यांतील सीमाच नाहीशी होते असा. अशा संचात साचलेले क्षार मधूनच बाहेर सोडण्यासाठी ड्रम नसतो, म्हणून आत जाणारे पाणी जुन्या संचांहूनही निर्मळ असावे लागते. दुसरीकडे भांडेवाडीच्या दररोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रकल्पात शुद्ध केलेले नागपूरचे सांडपाणी केंद्राला पुरवले जाऊ लागले. नव्या संचांत सिलिका, सोडियम आणि वाहकता मोजणारी स्वयंचलित यंत्रे नळीवरच बसवलेली असतात आणि हाताने भरायचे नमुने कमी झाले आहेत; पण ती यंत्रे बरोबर मोजतात की नाही हे पडताळण्यासाठी लागणारे ज्ञात तीव्रतेचे सिलिकाचे द्रावण आजही काचेत ठेवून चालत नाही, ते पॉलिथीनच्याच बाटलीत ठेवावे लागते.